यादी पडद्यावर येते तेव्हा

फोनवरच्या बहुतेक ॲप्सच्या पोटात एक यादी असते. संपर्क, निरोप, खर्चाच्या नोंदी, दुकानाची उधारी, कोशातले शब्द. नाव काहीही द्या, काम एकच. फोनमध्येच साठवलेल्या डेटाबेसला प्रश्न विचारायचा, आलेल्या ओळी पडद्यावर मांडायच्या आणि बोट फिरेल तशी यादी न अडखळता सरकू द्यायची. ऐकायला हे अर्ध्या दिवसाचे काम वाटते. अँड्रॉइडवर मात्र याच कामाची गूगलने सांगितलेली रीत २००८ पासून चार-पाच वेळा मुळापासून बदलली, आणि दर वेळी जुनी रीत अंगवळणी पडलेल्यांना पाटी कोरी करावी लागली.

हे सगळे बदल एकत्र मांडून पाहिले की एक गोष्ट खटकते. जवळजवळ सगळी बुद्धी ओळी आणायच्या कशा यावर खर्च झाली आहे. विचारायचे काय, ओळी कोणत्या क्रमाने लावायच्या, मराठी शब्दाचा शोध डेटाबेसला झेपतो का, हे ज्याचे त्याने पाहावे अशी स्थिती राहिली. आज एखादी यादी रखडते किंवा चुकीची दिसते, तेव्हा दोष बहुधा या दुसऱ्या बाजूला सापडतो.

आधी डेटाबेसबद्दल. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत एसक्यूलाइट मुळापासून आहे. डी. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली लिहायला घेतले. अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवरच्या सॉफ्टवेअरचे काम करताना त्यांना वेगळा सर्व्हर न लागणारा डेटाबेस हवा होता. त्यावर कोणाचाही प्रताधिकार नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की एसक्यूलाइट ही ॲपच्या आतच चालणारी लायब्ररी आहे. ज्या थ्रेडवरून क्वेरी विचारली त्याच थ्रेडवर ती चालते, आणि संपेपर्यंत तो थ्रेड दुसरे काही करत नाही.

पडदा रंगवणारा आणि बोटाचा स्पर्श ऐकणारा थ्रेड एकच असतो, त्याला मेन थ्रेड म्हणतात. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एका चित्रासाठी त्याच्याकडे जेमतेम १६ मिलिसेकंद असतात. १२० वेळा बदलणाऱ्या नव्या पडद्यांवर आठच्या आसपास. त्या वेळात क्वेरी आटोपली नाही तर यादी झटका खाते. स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळाले नाही तर अँड्रॉइड ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी चौकट उभी करते. विकसकाच्या टेबलावरच्या फोनमध्ये चाळीस नोंदी असतात, म्हणून हे त्याला दिसत नाही. तीन वर्षे ॲप वापरणाऱ्या दुकानदाराकडे चाळीस हजार असतात.

पहिल्या अँड्रॉइडमध्ये यादी मांडण्याची सोय सुटसुटीत होती. क्वेरीतून कर्सर मिळे, तो कर्सर ॲडॉप्टरला जोडला की लिस्टव्ह्यू हव्या त्या ओळीपुरता त्याला विचारी. एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनची रॅम १९२ एमबी होती हे लक्षात घेतले तर ही काटकसर शहाणपणाची होती. खोट अशी की कर्सरची देखभाल ॲक्टिव्हिटीकडे, म्हणजे पडद्याकडे होती. पडदा पुन्हा समोर आला की क्वेरी मेन थ्रेडवरच नव्याने चाले.

यावर लोकांनी काम मागच्या थ्रेडवर टाकणाऱ्या असिंकटास्कचा आधार घेतला आणि दुसऱ्या खड्ड्यात पडले. फोन आडवा केला की अँड्रॉइड ॲक्टिव्हिटी मोडून नवी बांधते. पाठीमागे चाललेले काम मात्र जुन्या ॲक्टिव्हिटीलाच धरून राही. उत्तर यायचे ते मेलेल्या पडद्याकडे. त्यातून ही कामे एकामागून एक चालवायची की एकदम, याबाबत अँड्रॉइडचेच मत दोनदा पालटले: आरंभी एकामागून एक, १.६ पासून एकदम, ३.० पासून पुन्हा एकामागून एक. शेवटी अँड्रॉइड ११ मध्ये असिंकटास्कवर ‘वापरू नये’ असा शिक्का बसला.

२०११ च्या अँड्रॉइड ३.० बरोबर लोडर आले. क्वेरी मागच्या थ्रेडवर चालवायची, पडदा मोडला तरी उत्तर जपायचे, मूळ माहिती बदलली की आपण होऊन पुन्हा विचारायचे, ही तिन्ही कामे कर्सरलोडर करी. कल्पना अगदी योग्य होती, लिखाण मात्र कंटाळवाणे. प्रत्येक क्वेरीला एक आकडा, तीन कॉलबॅक, आणि कंटेंट प्रोव्हायडर लिहिल्याशिवाय सुटका नाही. मग माहिती दुसऱ्या कोणत्याही ॲपला द्यायची नसली तरी. २०१८ मध्ये लोडरही निवृत्त झाले. त्यांच्याबद्दल कुणी हळहळल्याचे आठवत नाही, पण नंतर जे आले त्यातली निम्मी समज लोडरचीच होती.

उरलेल्या समजुतीचे मूळ २०१० च्या गूगल आय/ओ परिषदेतल्या एका भाषणात सापडते. व्हर्जिल डोब्जान्स्की यांनी तिथे सांगितले की सर्व्हरकडून आलेले उत्तर थेट पडद्याला देऊ नका; आधी डेटाबेसमध्ये लिहा आणि पडद्याला डेटाबेसमधूनच वाचू द्या. हे ऐकताना वळसा घातल्यासारखे वाटते. पण त्यामुळे नेटवर्क गेले तरी यादी जागेवर राहते, आणि एकच नोंद दोन पडद्यांवर दोन प्रकारे दिसण्याची शक्यता संपते. आज ही शिस्त कुणीही नवे म्हणून सांगत नाही, इतकी ती मुरली आहे.

तिला सोपे रूप दिले ते रूमने. २०१७ मध्ये आलेल्या या लायब्ररीत क्वेरी कोडमध्ये लिहायची. तिच्यातला तक्ता किंवा रकाना अस्तित्वातच नसेल तर ॲप तयार होतानाच चूक पकडली जाते. मेन थ्रेडवर क्वेरी चालवायला गेलात तर रूम ॲप पाडते. मुभा मागून घेता येते, पण ती मागावी लागते, हा सक्तीचा भाग मला रूमचे सर्वांत मोठे श्रेय वाटतो. दहा वर्षांच्या सल्ल्यांनी जे साधले नाही ते एका अपवादाने साधले. आधी लाइव्हडेटा आणि २०१९ पासून कोटलिनचा फ्लो यांच्या जोडीने रूम क्वेरीला चालू प्रवाहाचे रूप देते. तक्ता बदलला की नवे उत्तर आपोआप खाली येते.

या आपोआपची किंमत समजून घ्यावी. रूम तक्त्यावर ट्रिगर बसवून बदल ओळखते, आणि तिला कळते ते एवढेच की तक्त्यात काहीतरी बदलले. कोणती ओळ, हे नाही. तुमची यादी एका ग्राहकाच्या नोंदींची असेल आणि बदल दुसऱ्याच्या खात्यात झाला असेल, तरी क्वेरी पुन्हा चालते. सर्व्हरवरून हजार नोंदी एकेक करून लिहिल्या तर पडद्यावरच्या क्वेरीला वारंवार धावावे लागते. त्या एका व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिल्या तर ही धावपळ वाचते. अशा वेळी लायब्ररीला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. ट्रान्झॅक्शनचा विषय काढला की गप्प होतात. वाचन आणि लेखन एकमेकांना अडवू नये यासाठी एसक्यूलाइटमध्ये २०१० पासून ‘वॉल’ पद्धत आहे, आणि साधारण क्षमतेच्या फोनवर रूम ती स्वतःहून वापरते.

आता अँड्रॉइडच्या एका आतल्या भागाकडे वळू. रूम, लाइव्हडेटा, फ्लो काहीही वापरा, वर्षानुवर्षे त्यांच्या तळाशी अँड्रॉइडचा जुना कर्सरच राहिला, आणि त्याच्याही तळाशी कर्सर विंडो नावाचा मेमरीचा तुकडा. त्याचा आकार साधारणपणे दोन एमबी. क्वेरीच्या ओळी या तुकड्यात भरल्या जातात आणि ॲप तिथून वाचते. उत्तर दोन एमबीत मावले तर सगळे ठीक. मावले नाही तर पहिल्या भरण्याच्या वेळी एसक्यूलाइट उरलेल्या ओळीही एकदा चालून जाते, कारण एकूण किती आहेत हे सांगायचे असते. पुढे वाचणारा तुकड्याबाहेरची ओळ मागतो तेव्हा तीच क्वेरी पुन्हा सुरुवातीपासून चालते, आधीच्या ओळी टाकत टाकत हव्या जागी पोचते आणि तुकडा नव्याने भरते. मधल्या काळात कुणी नोंद घातली किंवा पुसली असेल तर पहिला आणि दुसरा तुकडा एकमेकांशी जुळत नाहीत: एखादी ओळ दोनदा, एखादी गायब. एखाद्या रकान्यात मोठा फोटो असेल आणि ती एकच ओळ दोन एमबीपेक्षा मोठी झाली, तर ती वाचताच येत नाही, ॲप कोसळते.

म्हणून ‘फोटो डेटाबेसमध्ये ठेवू नयेत’ हा सल्ला अँड्रॉइडवर बरोबर आहे. एसक्यूलाइटबद्दल सरसकट तो खरा नाही. एसक्यूलाइटच्या निर्मात्यांच्या स्वतःच्या मोजणीत लहान लघुचित्रे वेगवेगळ्या फायलींतून वाचण्यापेक्षा डेटाबेसमधून वाचणे सुमारे ३५ टक्के वेगवान ठरले. अडचण कर्सर विंडोची आहे. यादीच्या क्वेरीत फक्त दिसणारे रकाने मागितले, म्हणजे ‘सिलेक्ट स्टार’ची सवय सोडली, तर या खिडकीचा त्रास बहुतेक ॲप्सना कधीच जाणवणार नाही. नाव, रक्कम, तारीख एवढेच मागितले तर दोन एमबीत हजारो ओळी आरामात बसतात.

याच कारणाने मला पेजिंग लायब्ररीबद्दल संशय आहे. तिची तिसरी आवृत्ती २०२१ मध्ये स्थिर झाली, आणि तेव्हापासून कोणत्याही यादीला ती जोडण्याची फॅशन आली. लाखभर निरोपांच्या किंवा सर्व्हरवरून पानापानाने येणाऱ्या यादीला ती हवीच. दोन हजार नोंदींच्या यादीला ती लावणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. रिकाम्या जागा दाखवणाऱ्या ओळी, एकूण संख्येची वेगळी क्वेरी, प्रत्येक बदलानंतर नवा पेजिंग सोर्स, आणि शोधाच्या चौकटीशी त्या सगळ्याचा मेळ. इतक्या ओळी एकदम मेमरीत आणल्या तर क्वेरी मागच्या थ्रेडवर काही मिलिसेकंदांत संपते आणि उरलेला गुंता जन्मालाच येत नाही.

शिवाय रूम स्वतः जी पाने पाडते ती लिमिट आणि ऑफसेटने. ऑफसेटमध्ये एसक्यूलाइटला आधीच्या ओळी टाकत जावेच लागते. तीनशेवे पान उघडायला दर वेळी पहिल्यापासून पाने मोजण्यातला हा प्रकार. त्याला जुना आणि चांगला पर्याय आहे: शेवटच्या दिसलेल्या नोंदीची तारीख आणि क्रमांक लक्षात ठेवायचा आणि ‘याच्या आधीच्या तीस द्या’ असे विचारायचे. तारीख आणि क्रमांक यांचा मिळून इंडेक्स असेल तर पहिले पान आणि हजारावे पान सारख्याच वेगाने येते. दोन रकान्यांची जोडी एकदम ताडून पाहण्याची सोय एसक्यूलाइटमध्ये २०१६ ला, ३.१५ या आवृत्तीत आली. अँड्रॉइडसोबतचे एसक्यूलाइट फोनच्या आवृत्तीला बांधलेले असल्याने ही सोय अँड्रॉइड ८ पासून मिळते. जुन्या फोनसाठी तीच अट ‘किंवा’ घालून लांबवर लिहावी लागते.

मांडण्याच्या बाजूला फारसे सांगण्यासारखे उरलेले नाही. पडद्याबाहेर गेलेली ओळ पुन्हा वापरायची ही युक्ती पहिल्या लिस्टव्ह्यूपासून आहे. २०१४ च्या रिसायकलरव्ह्यूने ती सक्तीची केली. २०१६ मध्ये डिफयुटिल आले. ते जुनी आणि नवी यादी ताडून नेमके काय बदलले ते यूजीन मायर्स यांच्या अल्गोरिदमने काढते, त्यामुळे एका नोंदीसाठी सगळी यादी रंगवावी लागत नाही. पडदा रचण्याच्या कंपोज या नव्या पद्धतीत लेझी कॉलम या यादीला प्रत्येक ओळीची स्थिर ओळख द्यायची असते. तिथे ओळीचा क्रमांक न देता डेटाबेसमधला आयडी द्यावा. अन्यथा वर एक नोंद आली की सगळ्या ओळींची ओळख एकेकाने सरकते. आणि एक बारीक गोष्ट: ‘अजून विचारतोय’ आणि ‘काही सापडले नाही’ या दोन वेगळ्या स्थिती आहेत. दोन्हींसाठी रिकामी यादी वापरणारे ॲप उघडताना क्षणभर ‘एकही नोंद नाही’ असे दाखवते, आणि वापरणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो.

आयफोनवाल्यांचा रस्ता कमी वळणांचा. मॅकवर २००५ मध्ये आलेला कोअर डेटा २००९ मध्ये फोनवर आला, सोबत एनएसफेच्डरिझल्ट्सकंट्रोलर घेऊन. तो क्वेरीवर नजर ठेवतो आणि कोणती ओळ आली, गेली, सरकली ते यादीला नेमके सांगतो. अँड्रॉइडला हे जमायला आणखी काही वर्षे गेली. रिअल्म या डेटाबेसने एसक्यूएलच टाळून दाखवले होते. २०१९ मध्ये त्याची कंपनी मोंगोडीबीने घेतली आणि २०२४ मध्ये रिअल्मची सर्व्हरशी जुळवून घेणारी सेवा बंद करण्याचे जाहीर केले. यादीचा पाया निवडताना प्रताधिकारमुक्त एसक्यूलाइटचे मोल अशा वेळी कळते.

आता विचारण्याची बाजू. यादी हळू येते अशी तक्रार आली की आधी थ्रेड बदलून पाहण्यापेक्षा ‘एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन’ चालवावे. उत्तरात ‘स्कॅन’ असेल तर सगळा तक्ता चाळला जातो आहे. क्रम लावण्यासाठी तात्पुरते बी-ट्री बांधल्याचा उल्लेख असेल तर त्या क्रमाला उपयोगी पडेल असा इंडेक्स नाही. ग्राहकाचा क्रमांक आणि तारीख यांचा मिळून एक इंडेक्स दोन्ही दुखणी बरी करतो. प्रत्येकाचा वेगळा इंडेक्स करून ते साधत नाही. यादीतली प्रत्येक ओळ रंगवताना तिच्यासाठी वेगळी क्वेरी विचारणे हा सर्व्हरच्या जगात गुन्हा मानला जातो. एसक्यूलाइटमध्ये वाटेत नेटवर्क नसल्याने तो तितका मोठा नाही, असे त्याचे निर्माते स्वतः सांगतात. मात्र स्क्रोल चालू असताना मेन थ्रेडवर तो करू नये.

हे सारे कोणत्याही भाषेतल्या यादीला लागू आहे. मराठी यादीचे दुखणे यापुढचे. एसक्यूलाइट मजकुराचा क्रम स्वभावतः बाइटवरून, म्हणजे युनिकोडच्या क्रमांकावरून लावते. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. शाळेतल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र जागा नसल्याने ते क आणि ज मध्ये गडप होतात. सर्वांत विचित्र गत ॲ ची. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, आणि ती मिळाली ह च्याही पलीकडे. परिणामी वकिलांच्या यादीतले ‘ॲड.’ लावलेले सगळे जण हेमंत आणि हर्षद यांच्याही खाली जातात. ज्या कळफलकावर अ वर वेगळा चंद्र देऊन तेच अक्षर टंकले जाते, तिथले वकील मात्र अ मध्येच राहतात. एकच यादी, एकच पदवी, दोन ठिकाणे.

अँड्रॉइडने एसक्यूलाइटला ‘लोकलाइज्ड’ नावाची क्रमपद्धत जोडली आहे आणि रूममध्येही ती रकान्याला लावता येते. पण ती फोनच्या भाषेप्रमाणे चालते. महाराष्ट्रात असंख्य लोक फोन इंग्रजीत ठेवून मराठीत लिहितात. त्यांच्या फोनवर मराठी वर्णमालेच्या क्रमाची खात्री देता येत नाही. भाषा बदलली की अँड्रॉइडला अशा रकान्यांचे इंडेक्सही पुन्हा बांधावे लागतात.

शोधाचे हाल आणखी वाईट. ‘दऱ्या’ हा शब्द ऱ या एका अक्षराने टंकता येतो, र खाली नुक्ता देऊन टंकता येतो, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊनही. पडद्यावर तिन्ही सारखे. एसक्यूलाइटला तीन वेगळे शब्द. पहिले दोन युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरा होत नाही, आणि अ वर चंद्राचा ॲ सुद्धा होत नाही. ते नियम साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी, आपणच लावावे लागतात.

पूर्ण-मजकूर शोधासाठी रूम एफटीएस-४ चे तक्ते देते. त्यात शब्द तोडण्याच्या दोन पद्धती नेहमी समोर येतात, आणि नावावरून ‘युनिकोड६१’ ही मराठीला योग्य वाटते. ती घेऊ नये. ती फक्त अक्षरे आणि अंक यांना शब्दाचा भाग मानते, आणि युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार ‘अक्षरे’ नाहीत. म्हणून ‘पाणी’ तुटून प आणि ण होतो. ‘पुणे’ तुटून प आणि ण होतो. पाणी शोधणाऱ्याला पुणे सापडते. नावाने मागासलेली वाटणारी ‘सिंपल’ पद्धत १२८ पासून पुढचे प्रत्येक चिन्ह शब्दाचाच भाग धरते, म्हणून तिच्यात मराठी शब्द अखंड राहतात. शब्दाला चिकटलेली वळणदार अवतरणचिन्हे तेवढी आधी काढून टाकावी लागतात.

क्रमासाठी टिकाऊ उपाय एकच दिसतो. नोंद साठवतानाच मराठीचा कोलेटर, म्हणजे वर्णक्रमाचे नियम लावणारा घटक, वापरून नावाची क्रमकिल्ली काढायची, वेगळ्या रकान्यात ठेवायची, तिच्यावर इंडेक्स बांधायचा आणि यादी त्या रकान्यावर लावायची. मग फोनची भाषा कोणतीही असो. या किल्ल्या फोनमधल्या आयसीयू लायब्ररीच्या आवृत्तीवर अवलंबून असतात, म्हणून ती आवृत्तीही डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवावी, आणि अँड्रॉइड अद्ययावत झाल्यावर ॲप पहिल्यांदा उघडेल तेव्हा ती जुळत नसेल तर सगळ्या किल्ल्या मागच्या थ्रेडवर, एका ट्रान्झॅक्शनमध्ये, नव्याने काढाव्यात.